आजार आतड्याचा, अडाणीपणा कुणाचा?

वस्तीत काम करताना आम्हाला अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रुग्ण भेटतात. काय झालंय विचारलं, तर "आतड्याला सूज आहे" एवढंच सांगतात. शौचातून पडणारं रक्त मूळव्याध समजून कित्येकांनी अंगावर काढलेलं. मेसालामाइनने रक्त थांबलं की गोळ्याही थांबतात. हा आजार शांत होतो, जात नाही. बरं वाटत असतानाही औषध चालू ठेवायचं, हे कुणी मराठीत समजावलेलंच नसतं. आजाराला साधारण ८ वर्षं झाली की कर्करोगाच्या धोक्यामुळे ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी लागते, हे तर दूरच. वर ऐकावं लागतं, "तुम्ही लोक ऐकतच नाही."

आम्ही विचारतो, सांगितलं कधी? ज्ञान अडवायचं आणि अडाणी म्हणायचं, ही रीत आपल्याला नवी नाही.

महावग्गात पोटाच्या विकाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः धुतलं आणि भिक्खूंना रुग्णसेवेची शिकवण दिली. समजावून सांगणं हीसुद्धा सेवाच. तरुणांनो, रुग्णासोबत दवाखान्यात जा, प्रश्न विचारा, उत्तरं मराठीत लिहून घ्या. बाबासाहेबांचं 'शिका' शाळेपुरतं नाही.

जय भीम!