पाच आणि सहाच्या मधली फट

घोटून पक्कं केलेलं वाजवणं ऐकायला बरं वाटतं. माझा जीव मात्र जडतो तो चाचपडत वाजवलेल्यावर. लेड झेपलिनची मुंबईतली टेप अशीच आहे. ब्लूजवर पोसलेला हा विलायती रॉक बँड. १९७२ साली त्यातले गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. (लांब केसांपायी त्याच वर्षी सिंगापूरने या मंडळींना दारातूनच परत धाडलं होतं, मुंबईने केसांची चौकशी केली नाही.) बासरीवादक विजय राघव राव यांना हाताशी धरून त्यांनी तबलजी, व्हायोलिनवाले जमवले आणि आपलीच दोन गाणी, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स', इथल्या हातांनी वाजवून घेतली. मग टेप गुंडाळून ठेवली. ती रीतसर बाहेर आली २०१५ साली, 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत.

यांच्या अल्बमांचं रसायनच असं, की जागा आणि अडचण दोन्ही गाण्यात उतरतात. १९७१च्या चौथ्या अल्बमचं बरंच काम हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या, गारठलेल्या वास्तूत झालं. दाराबाहेर रोलिंग स्टोन्सची फिरती ध्वनिमुद्रण-गाडी, आत जिन्याच्या तळाशी जॉन बॉनमचे ड्रम आणि वरच्या मजल्यावर माइक. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधला तो अंगावर येणारा ठोका हा निम्मा बॉनमचा आणि निम्मा त्या जिन्याचा. मूळ गाणं मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, १९२९चं. मिसिसिपीच्या १९२७च्या महापुरावरचं. २०१९ साली सांगलीत कृष्णा घरात शिरलेली ज्यांनी पाहिली, त्यांना ते समजावून सांगावं लागत नाही.

'फोर स्टिक्स' याच अल्बममधलं. पाच मात्रा, मग सहा, पुन्हा पाच. म्हणजे अर्धा झपताल सरतो न सरतो तोच दादरा सुरू! ते काही केल्या बसेना, तेव्हा बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेतल्या आणि काम फत्ते केलं. मुंबईत काठ्या गेल्या, तबला आला. ऐकताना कळतं, की पाच आणि सहा आपल्या लोकांना नवे नव्हतेच. नवं होतं ते एकातून दुसऱ्यात असं पाय न पुसता जाणं. आपण समेवर घरी येतो. इथे दर फेरीला घराचा पत्ता बदलतो. त्या बदलाशी एक बारीकशी फट राहते. व्हायोलिनं कणभर थबकतात, तबला त्यांना ओढून नेतो. प्लांटचा आवाज नाही, त्यामुळे फट झाकायलाही कुणी नाही. मला ती मूळ गाण्याहून जास्त आवडते.

ती फट मनात असतानाच एकदा आमच्या शिरवळला नीरेच्या पुलाअलीकडे जत्रेच्या तयारीत हलगीवाले बसले होते. पाचट पेटवून हलगी शेकत होते. कातडं तापून ताठ झालं की बोटाने टिचकी मारून कान लावायचा, ढप्प म्हणालं की पुन्हा जाळावर. महामार्गावरचे ट्रक अखंड चालू, पण त्या टिचकीचा फरक त्यांना बरोबर ऐकू येत होता. मी फोनवर ती टेप लावली. म्होरक्याने टिपरू मांडीवर हळूहळू टेकवत पूर्ण ऐकली.

"दादा, ह्यो गडी पाचावर उचलतोय नि सहावर टाकतोय. नाचणाऱ्यानं पाय कुठं टाकायचा?"

"नाचायसाठी नाही हे," मी म्हटलं.

"मग कशापायी एवढं दमायचं?"

पेजला विचारण्याजोगा प्रश्न, दमला तोही होता. 'फ्रेंड्स'साठी त्याने गिटार खुल्या 'सी'मध्ये लावली होती, खर्ज सतत घुमत राहील अशी. त्याला हवं होतं ते मिरजेच्या तंबोऱ्यात घोडीवर जवारी काढून पिढ्यान्‌पिढ्या घडवतात. मुंबईहून मिरजेचा रस्ता आमच्या शिरवळवरूनच जातो. पेज मात्र स्टुडिओतूनच माघारी गेला.

म्होरक्याने टेप पुन्हा लावायला सांगितली. या खेपेला सहाच्या जागी स्वतःच एक मात्रा गाळून त्याने सगळं पाचात बसवलं, आणि "आता बघा, पाय पडतोय," म्हणत पोरांना हलग्या उचलायला लावल्या.