गुळाची पट्टी

नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास बारामती आणि इंदापूर या तालुक्यांकडे वळले आणि ओसाड माळावर उसाचे मळे डोलू लागले. उसामागून गुऱ्हाळे आली आणि गूळ विकण्यासाठी शेतकऱ्यांना दूरच्या पेठांची वाट धरावी लागली.

असाच एक तरुण बागाईतदार १९५५ सालच्या उन्हाळ्यात प्रथमच मुंबईस निघाला. दरवर्षी वडील जात; यंदा ते आजारी होते. गुळाच्या ६० ढेपा मालगाडीने पुढे गेल्या होत्या. सोसायटीचे कर्ज आणि धाकट्या बहिणीचे लग्न, दोन्हींचा भार त्या ढेपांवर होता. निघताना वडील एवढेच म्हणाले, "बाळा, भाव आपल्या हाती नसतो, हिशेब मात्र असतो."

बारामतीहून दौंडपर्यंत १९१४ पासून अरुंद रुळांची छोटी गाडी धावत असे. दौंडला तो मोठ्या गाडीत बसला. बोरघाटातील बोगद्यांचा अंधार आणि दऱ्यांचा उजेड यांचा लपंडाव पाहता पाहता मुंबई आली.

बोरीबंदरच्या भव्य स्थानकाबाहेर पाऊल टाकताच तो भांबावला. घंटा वाजवीत ट्रामगाड्या जात होत्या. १९६४ पर्यंत त्या मुंबईच्या रस्त्यांवर होत्या. दुमजली मोटारी, हातगाड्या, पाटीवाले यांची एकच गर्दी उसळली होती. सवयीप्रमाणे त्याने दोघातिघांना "रामराम" घातला. पण कोणी थांबले नाही. गावात परका माणूस दिसला, की पारावरची मंडळी "कुठले पाहुणे?" म्हणून विचारतात. येथे लाखो माणसांत त्याला कोणी काही विचारले नाही. एवढ्या गर्दीत त्याला शेतावरच्या रात्रीहूनही अधिक एकटे वाटले.

रात्री तो लालबागेतील एका चाळीत, गिरणीत काम करणाऱ्या गावकऱ्याकडे उतरला. पहाटे बादल्यांच्या आवाजाने त्याला जाग आली. बाहेर येऊन पाहतो, तो नळापुढे हंडे-घागरींची रांग लागलेली! तानसा तलावाचे पाणी मुंबईस १८९२ पासून मिळत होते. तरी चाळीत ते ठरल्या वेळीच येई. पेंगुळलेल्या बायका आपली पाळी येण्याची वाट पाहत होत्या. त्याला आपला कालवा आठवला. कंदील घेऊन, घोंगडी पांघरून तोही असाच पाण्याच्या पाळीसाठी मध्यरात्री बांधावर बसे. पुढे होऊन त्याने एका म्हाताऱ्या आजीची भरलेली घागर उचलून दिली. "कुठला रे तू?" आजीने विचारले. मुंबईत त्याला कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न!

सकाळी तो मशीद बंदरच्या पेढीवर गेला. अडत्या आणि खरेदीदार यांनी रुमालाखाली बोटे दाबून सौदा केला. त्यात काय ठरले, हे ज्याचा माल त्यालाच कळले नाही. पुढे १९६३ च्या कायद्याने बाजार समित्यांतून उघड लिलावाची रीत दृढ केली; पण त्या दिवशी त्याला गप्प राहावे लागले.

मग मुनिमाने पट्टी पुढे केली. अडत, हमाली, तोलाई असे सारे आकडे त्यात होते. सही करण्याची घाई चालली होती. चौथी शिकलेल्या त्या तरुणाने एकेक ओळ बोट ठेवून वाचली. पट्टीत ढेपा होत्या ५८! त्याच्या घशाला कोरड पडली. मोठ्या पेढीवर तोंड कसे उघडावे? पण डोळ्यांसमोर वडील उभे राहिले. "माझ्या ढेपा साठ आहेत," तो हळूच, पण स्पष्ट म्हणाला आणि रेल्वेची पावती त्याने पुढे ठेवली. मुनिमाने वही चाळली, चष्मा सावरला आणि काही न बोलता नवी पट्टी लिहिली.

परत आल्यावर पारावरच्या मंडळींनी त्याला घेरले. "काय रे, मुंबई कशी आहे?"

तो क्षणभर विचारात पडला व म्हणाला, "फार मोठी आहे. पण तिथेही माणसे पाण्याच्या पाळीसाठी जागतात."

मग तो घरात गेला. वडिलांच्या उशाशी बसून त्याने पट्टी उलगडली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.