नावेवरील शौचकूप

विषयाचें नांव वाचून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल हें मी जाणून आहें. जें मासिक घरांत दिवाणखान्यापासून माजघरापर्यंत हिंडतें, त्यांत ही गोष्ट मांडावी कीं नाहीं याचा मीं दोन दिवस विचार केला. परंतु जी गोष्ट कोणीच बोलत नाहीं तिच्यापायींच आमच्या वहिनींस तीन दिवस रुग्णालयांत काढावे लागले. तेव्हां ती न बोलण्यांत फार मोठी सभ्यता आहे असें मला आतां वाटत नाहीं.

आमचें घर वाशिष्ठीच्या खाडीकांठीं, नारळी-पोफळीच्या बागेंत आहे. लहानथोर मिळून घरांत अकरा माणसें. थोरल्या पुतण्यास पाण्याचें वेड लहानपणापासूनचें. दोन वर्षांपूर्वीं त्यानें एक जुनी फायबरची नाव विकत घेतली. लांबी २४ फूट, रुंदी ८ फूट, मध्यें माणूस जेमतेम उभा राहील अशी एक खोली आणि मागें डिझेलचें एंजिन. (जातां जातां एक सांगतों. मी ‘नांव’ अनुस्वारासह लिहितों आणि ‘नाव’ अनुस्वाराविना. १९६२ च्या नियमांनीं तो अनुस्वार गेला आणि आपलें नांव व आपली नाव एकरूप झालीं. वडिलांनीं लावलेली संवय माझ्यानें सुटत नाहीं. संपादकांनीं क्षमा करावी.)

सुटीच्या दिवशीं ओहोटीबरोबर निघावें, दाभोळास चंडिकादेवीचें दर्शन घ्यावें, आणि भरती लागली कीं तिच्याबरोबर परत यावें, असा आमचा क्रम ठरून गेला. यांत सारा दिवस जातो. दोन्ही तीरांवर बहुतेक ठिकाणीं कांदळवन आणि गुडघाभर चिखल. शिवाय वाशिष्ठींत मगरी आहेत, आणि ओहोटीच्या वेळीं त्या त्याच चिखलावर ऊन खात पडलेल्या असतात. म्हणजे मध्येंच कोठें उतरण्याची सोय नाहीं. पुरुषमाणसें नावेच्या मागील अंगास जाऊन आपली अडचण भागवीत, आणि बाकीचीं माणसें तेवढा वेळ डोंगराची शोभा पाहत.

गेल्या मार्गशीर्षांत असेच गेलों होतों. परत येतांना वहिनींस घेरी आली. रात्रीं हुडहुडी भरून ताप चढला. मूत्रमार्गास दाह झाला आहे, असें निदान झालें. रुग्णालयांतील तरुण डॉक्टरीणबाईंनीं विचारलें, “आजी, दिवसभरांत पाणी किती प्यालांत?” वहिनी भिंतीकडे पाहत राहिल्या. माझ्या कुटुंबानें मागाहून मला जें सांगितलें तें ऐकून मी खरोखर खजील झालों. नावेंत जावयाचें म्हटलें कीं आमच्या घरांतील एकही बाई आदल्या रात्रीपासून पोटभर पाणी पीत नसे. वहिनी नाहींत, ही नाहीं, सूनबाई नाहीं. आणि दहा वर्षांची नात, तीही त्यांचें पाहून शिकली होती. मीं पसतीस वर्षें मुलांस संस्कृत व्याकरण शिकविलें, एकेक मात्रा मोजली. पण बायकांचे तांबे भरलेले जातात आणि तसेच भरलेले परत येतात, हें माझ्या कधीं ध्यानांत आलें नाहीं.

त्या दिवसापासून नावेवर शौचकूप झालें पाहिजे असा मीं हट्ट धरला. पुतण्या म्हणाला, “काका, शोध तुम्हींच करा, मी सुतारकाम करतों.”

पहिली पद्धत हातपंपाची. इंग्रज खलाशी नावेवरील शौचकूपास ‘हेड’ म्हणतात, कारण शिडांच्या जहाजांत तें अगदीं पुढच्या टोंकाशीं असे. वारा मागून येई आणि घाण पुढें जाई. आतांच्या लहान नावांत पात्राशेजारीं पंप असतो. त्यानें एका नळानें बाहेरचें पाणी आंत घ्यावयाचें आणि दुसऱ्या नळानें सर्व बाहेर लोटावयाचें. दिसावयास तें अगदीं घरच्यासारखें. पण त्यासाठीं नावेच्या बुडाशीं दोन भोंकें पाडावीं लागतात. पात्र पाण्याच्या पातळीखालीं असलें आणि तोटी उघडी राहिली, तर वक्रनलिकेच्या नियमानें बाहेरचें पाणी आपोआप आंत येत राहतें, आणि बांधलेली नाव रात्रींतून बुडूं शकते. आमच्या घरांत अंगणांतला नळ बंद करण्यावरून रोज वाद होतो. तेथें या तोटीवर अकरा जणांचा जीव टांगून ठेवण्यास मी तयार नव्हतों.

याहून मोठा आक्षेप निराळाच होता. बाहेर लोटलेलें जातें कोठें? खाडी म्हणजे नदी नव्हे. ओहोटीनें नेलेलें भरती परत घेऊन येते. ओहोट लागली कीं खारव्यांच्या बायका कमरेइतक्या पाण्यांत उतरून तिसऱ्या वेंचतात. हे शिंपले पाणी गाळून आपलें अन्न मिळवितात, आणि त्या पाण्यांतील रोगजंतू त्यांच्या पोटांत सांठत जातात. आम्ही शिंपले खात नाहीं. ज्यांचें पोट त्यांवर आहे ते आमचे शेजारी आहेत. पाण्यांत मलमूत्र टाकूं नये हें मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत आहे आणि १९७४ च्या जलप्रदूषणाच्या कायद्याचाही रोख तोच आहे. पण मला त्या बायकांच्या टोपल्या डोळ्यांसमोर आल्या, तेवढें पुरें झालें. मग नावेच्या मागील अंगास जाणाऱ्या आम्हां पुरुषांचें काय, असा प्रश्न सूनबाईनें तेथल्या तेथें केला. त्यास उत्तर नव्हतें.

बाहेर न लोटतां नावेंतच टाकींत सांठवावें, तर ती टाकी उपसून घेण्याची सोय धक्क्यावर लागते. तशी सोय आमच्या खाडींत मला कोठें आढळली नाहीं.

दुसरी पद्धत कोरडी. तिनें मला कांहीं दिवस अगदीं मोहून टाकलें. पात्राच्या पुढील भागांतून मूत्र एका बाटलींत जातें, मागील भागांतून मळ दुसऱ्या डब्यांत पडतो, आणि त्यावर मूठभर कोरडा भुसा टाकावयाचा. दुर्गंधीचें मुख्य कारण हीं दोन एकत्र येणें. मळांतील जंतूंमुळें मूत्राचा अमोनिया होतो. वेगळीं ठेवलीं तर वास फारच थोडा. भुशाच्या जागीं नारळाच्या सोडणाचा कीस चालतो, आणि त्याचा तर आमच्या बागेंत ढीग. मूत्र पाण्यांत मिसळून माडांस घालतां येतें. इतकी आपल्या कोंकणास साजेशी युक्ति साहेबास कशी सुचली असावी, असें मीं जेवतांना बोलूनही दाखविलें. मात्र डबा भरल्यावर पुढें काय, हा प्रश्न त्यांसही पडलेला आहे. इंग्लंडांतील कालव्यांवर नावांत राहणारीं कुटुंबें तो मळ पिशवींत बांधून सार्वजनिक कचऱ्यांत टाकीत; २०२१ च्या अखेरीस कालव्यांची व्यवस्था पाहणाऱ्या न्यासानें त्यास मनाई केली.

आम्हीं परसांत आठ दिवस प्रयोग केला. तो तिसऱ्याच दिवशीं फसला, आणि फसला तो आपल्या तांब्यापुढें. हीं पात्रें कागद वापरणाऱ्या लोकांनीं केलेलीं. आपण पाणी घेतों, आणि तें पाणी कोरड्या डब्यांत गेलें कीं त्याचा चिखल होतो. तामिळनाडूंत मुसिरीस अशीं शौचकूपें बांधतांना पाणी घेण्याची तिसरी जागा निराळी ठेविली आहे; म्हणजे उठून सरकावयाचें. घरीं हें जमेल. हलणाऱ्या नावेंत, तीन फूट जागेंत, गुडघे दुखणाऱ्या बाहत्तर वर्षांच्या बाईनें कसें सरकावें? मीं सोडणाचा कीस माडांच्या आळ्यांत नेऊन टाकला.

उरली ती पेटी. वर बैठक व धुण्याच्या पाण्याची टाकी, खालीं मळाची टाकी, मध्यें सरकतें झांकण; खालची टाकी सुटी करून हातानें नेतां येते. आम्हीं घेतली तिची खालची टाकी २१ लिटरांची. आतां येथें गणित आलें. नावेंत सात माणसें धरलीं. एका खेपेस मूत्र पाव लिटर, वरचें पाणी अर्धा लिटर, आणि तांब्याचें पाणी एक लिटर, मिळून पावणेदोन. टाकी गळ्यापर्यंत भरावयाची नाहीं म्हणून २० लिटर धरले, तरी अकरा खेपांत ती भरते. सात माणसांच्या दोन-दोन खेपाही होत नाहींत. मग नातीनें पूजेच्या जुन्या भांड्यांतून तोटीची लहानशी झारी शोधून काढली. झारीनें अर्ध्या लिटरांत काम भागतें, आणि खेपा सोळा होतात. वहिनींनीं झारी पूजेची म्हणून हरकत घेतली; तेव्हां तशीच दुसरी बाजारांतून आणली.

पुतण्यानें पेटी मुद्दाम नावेच्या मध्याजवळ बसविली, कारण टोंकाशीं झोके अधिक बसतात. तळाशीं पट्ट्यांनीं आवळली, भोंवतीं लांकडी आडोसा केला आणि वर वाऱ्यास झडप ठेविली. औषधी निळें पाणी मात्र मीं घेऊं दिलें नाहीं. टाकी घरच्या शौचकूपांत रिकामी करावयाची, आणि तीव्र औषधानें तेथील सेप्टिक टाकींतील उपयोगी जंतू मरतात. त्याच दिवशीं रिकामी केली तर साधें पाणी पुरतें.

पण रिकामी कोणी करावयाची? पुतण्या सहज बोलून गेला, “बागेंतल्या गड्यास शंभर रुपये दिले कीं झालें.” मी जेवतां जेवतां थांबलों. माझ्या आजोळीं, तालुक्याच्या गांवीं, टोपलीचे संडास होते. मागील बोळांतून एक बाई येई. आम्ही मुलें नाक धरून पळत असूं, आणि आजी तिला वरून भाकरी टाकी. तिचें नांव आम्हांस माहीत नव्हतें, तें कोणी विचारलेंही नाहीं. अशा कामास माणूस ठेवण्यास १९९३ च्या आणि मग २०१३ च्या कायद्यानें बंदी आहे. कायद्याचें अक्षर या पेटीस लागतें कीं नाहीं हें वकिलांनीं पाहावें; मला तो बोळ आठवला. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यांतील अप्पासाहेब पटवर्धनांनीं १९३२ सालीं तुरुंगांत भंगीकाम करूं द्यावें म्हणून अन्नत्याग केला, आणि त्यांस पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनीं. माझे वडील ही गोष्ट फार अभिमानानें सांगत. संडासांत मात्र ते कधीं पाण्याची बादलीही ओतीत नसत.

मीं सांगितलें, “जो नावेंत बसेल तो पाळीनें नेईल. पहिली पाळी माझी.” कोणी कांहीं बोललें नाहीं. वहिनी उठून स्वयंपाकघरांत गेल्या.

पुढील सहलीनंतर मीं ती टाकी उचलली. भरलेली टाकी वीस किलोंच्या वर जाते, आणि आमच्या धक्क्यास बत्तीस पायऱ्या आहेत. ओततांना आंत हवा शिरूं देण्यासाठीं एक बटण दाबावयाचें असतें. तें मी विसरलों, आणि त्याचें प्रायश्चित्त माझ्या धोतरानें तत्काळ भोगलें. कुंपणापलीकडचे शेजारी पाहत होते. टाकी धुऊन मी विहिरीवर आलों तों वहिनी कळशी भरून उभ्या. “भावोजी, हात पुढें करा,” म्हणाल्या, आणि दोन वेळां साबण देऊन त्यांनीं माझ्या हातांवर पाणी घातलें. चाळीस वर्षांत त्यांनीं माझ्या हातावर पाणी घालण्याचा हा पहिलाच प्रसंग. दुसरी पाळी पुतण्याची, तिसरी सूनबाईची. चौथीस वहिनींनीं आपलें नांव सांगितलें. गुडघ्यांमुळें तें कोणी मान्य केलें नाहीं, तेव्हां त्यांनीं पेटी धुण्याचें काम आपल्याकडे घेतलें.

या माघांत पुन्हां दाभोळास जाऊन आलों. वाटेंत वहिनी कोकमाचें सरबत दोन पेले प्याल्या आणि तिसरा मागितला. आडोशाच्या दाराची आंतली कडी मात्र लाटेच्या धक्क्यानें निसटते. पुतण्या दोन महिने नवी आणतों म्हणतो आहे, आणि तोंवर नात बाहेर पहाऱ्यास बसते.