खाडीकाठची तिवरं

"तुबलीत राहता? मग वास नाही का येत?" मंडळाच्या हळदीकुंकवाला नवी ओळख झाली की हा प्रश्न हमखास येतो. येतो हो वास. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला आणि वारा आमच्याकडे वळला की येतो. पण माझं माहेर रत्नागिरीजवळचं, खाडीकाठचं. चिखलाच्या वासाला नाक मुरडलं असतं तर आजीने जेवणाच्या पाटावरून उठवलं असतं!

गंमत म्हणजे इथे आल्यावर पहिले चार महिने ही खाडी मी पाहिलीच नव्हती. पाच वर्षांपूर्वी जुलैत आम्ही उतरलो. भूगोलात एम. ए., आठ वर्षं हायस्कुलात शिकवलेलं, आणि आता दिवसभर पडदे ओढलेला फ्लॅट आणि एसीची घरघर. सप्टेंबरात लेकीची शाळा सुरू झाली आणि घर अगदीच रिकामं झालं. तासाची घंटा नाही, की "बाई, याने माझी वही घेतली" नाही. दहा वाजता आईचा फोन यायचा, कारण तिकडे साडेबारा वाजून तिचा स्वयंपाक आटोपलेला असायचा. बाबांचे गुडघे, वहिनीची काळजी, सगळ्यांना मी इथून धीर द्यायची, हसवायची. फोन ठेवला की तासभर सोफ्यावरून उठवायचं नाही.

आमच्या शेजारीच अधारी आहे. तिथला झरा एके काळी बहरीनभर प्रसिद्ध होता. त्याचं पाणी पाटांनी लांबच्या खजुरीच्या बागांना जायचं आणि जवळची जमीन कोरडी राहायची. त्यावरून इथे म्हणच पडली आहे, की अधारी दूरच्याला पाजते आणि जवळच्याला विसरते. पुढे झरा आटला. आता तिथे पाळणे आणि झोपाळे आहेत. ही म्हण मला शेजारच्या बहरीनी आजींनी सांगितली तेव्हा त्या झऱ्याबद्दल बोलत होत्या. मी मात्र गप्पच झाले.

आईला फसवणं सोपं नसतं. "आवाज का गं असा येतोय?" "एसीने घसा बसलाय." "रोजच बसतो वाटतं?"

त्याच आठवड्यात नणंदेने व्हॉट्सअ‍ॅपवर आनंदाची चार रसायनं पाठवली. डोपामिन, सेरोटोनिन, ऑक्सिटोसिन, एन्डॉर्फिन. केळी खा, चॉकलेट खा, मिठी मारा, हसा. माझ्यातली बाई जागी झाली आणि मी पेपर तपासायला बसावं तशी वाचत गेले. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. आपल्या शरीरातलं बहुतेक, म्हणजे सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं आणि तिथलीच कामं करतं. डोपामिनला आनंदाचं रसायन म्हणणंही अर्धवटच. ते समाधानापेक्षा ओढीचं आहे, 'अजून एक, अजून एक' म्हणणारं. दुपारी दोन-दोन तास मोबाइल का सुटत नव्हता, ते तेव्हा कळलं. नणंदेला मी अर्धेच गुण दिले. (हे वाचून ती फोन करणारच आहे.)

नोव्हेंबरात रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व तळाला. डॉक्टरीणबाई आपल्याकडच्याच. म्हणाल्या, "अहो, उन्हाच्या देशात राहून तुम्ही ऊनच बघत नाही!" ड जीवनसत्त्वासाठी त्यांनी गोळ्या दिल्या आणि मनासाठी सकाळचा उजेड. ऑस्ट्रेलियात शंभर पुरुषांच्या मेंदूकडून परतणाऱ्या रक्ताची तपासणी झाली होती. ज्या दिवशी स्वच्छ ऊन जास्त वेळ, त्या दिवशी मेंदूतलं सेरोटोनिन जास्त तयार होतं, असं त्यात दिसलं. २००२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

एकटी मी गेलेच नसते. वरच्या मजल्यावरच्या मल्याळी चेचींनी दुसऱ्या दिवशी सहाला बेल वाजवली आणि "चला" एवढंच म्हणाल्या. त्यांचं हिंदी तेवढंच, माझं मल्याळम त्याहून कमी. सित्र्याच्या मागून सूर्य वर येत होता, पाणी ओसरलं होतं आणि चिखलात उंच पायांचे रोहित पक्षी माना खाली घालून उभे होते. ठाण्याच्या खाडीत येतात, तेच. ठाण्याच्या खाडीला रामसर स्थळाचा मान २०२२ मध्ये मिळाला. आमच्या तुबलीच्या खाडीला तो १९९७ पासून आहे, हे मी आता हळदीकुंकवाला मुद्दाम सांगते. भराव टाकून टाकून ती किती आक्रसली आहे, हेही सांगते.

पुढच्या शुक्रवारी नवऱ्याने गाडी काढली आणि आम्ही रास सनदला गेलो. तिथे तिवरं! चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली श्वासमुळं. आठ वर्षं फळ्यावर त्यांची आकृती काढली होती. तिवराला खारं पाणी चालतं, कारण नको असलेलं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. लेकीला म्हटलं, पान जिभेला लावून बघ. तिने तोंड वाकडं केलं आणि मी कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. त्या वेळी कुठलं रसायन कुठे वाढलं, ते बघायचं मला सुचलं नाही.

पुढच्या वर्षी मंडळाच्या गणपतीत लेझमीत उतरले. घरी एकटीने दहा मिनिटांत दम लागायचा, सगळ्यांबरोबर पाऊण तास कसा गेला ते कळायचं नाही. याचंही उत्तर सापडलं. ऑक्सफर्डच्या वल्हवणाऱ्या खेळाडूंवरचा एक प्रयोग २०१० मध्ये छापून आला. तेवढीच मेहनत एकट्याने केली त्यापेक्षा जोडीदारांसोबत केल्यावर वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढली होती. एन्डॉर्फिन वाढल्याची ती खूण मानतात. इथल्या मोती काढणाऱ्या खलाशांना हे प्रयोगाविना ठाऊक असणार. वल्ही मारताना, दोर ओढताना ते एकसुरात गात. त्या फिजिरी गाण्यांना २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

एक मात्र सांगायलाच हवं. आमच्यातल्या एकीला फिरून, नाचून, कशानेच बरं वाटेना. ती डॉक्टरांकडे गेली, वर्षभर गोळ्या घेतल्या, आता छान आहे. तिला "सकाळी चाल, सगळं बरं होईल" असं सांगणाऱ्यांत मीही होते. ते मी बोलायला नको होतं.

उन्हाळ्यात पाचलाच उजाडतं आणि दमटपणाने कपडे अंगाला चिकटतात. तेव्हा चेची आणि मी अर्ध्या तासात परततो. हिवाळ्यात रेंगाळतो.

गेल्या जानेवारीत आई आली. पहिल्याच सकाळी तिला खाडीवर नेलं. पदर डोक्यावर घेऊन ती बराच वेळ रोहित पक्षी बघत राहिली. फोनवरच्या आवाजाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. मग तिने नाक वर करून वास घेतला.

"आपल्याकडच्यासारखाच आहे गं," ती म्हणाली. "इथे मासळी कुठे मिळते?"