चार अंगुळं पुणं

मार्चच्या विषुवदिनी मी शिकवणीची मुलं गच्चीवर नेतो. पुण्यात त्या दिवशी खरी दुपार घड्याळाच्या बाराला होत नाही, पाऊणच्या जरा आधी होते. तोवर पोरं टाकीच्या सावलीत कुरकुरत बसतात. १२० सेंटिमीटरची काठी, ओळंबा, टेप, पांढरा पुठ्ठा. पहिल्या वर्षी स्पिरिट लेव्हल घरीच राहिली. गच्चीला पन्हाळीकडे उतार असतो, हे गणिताच्या मास्तराला पाऊस पडल्यावरच आठवतं!

सावली भरते साधारण ४० सेंटिमीटर. चाळीस भागिले एकशेवीस, म्हणजे एक तृतीयांश. हा झाला टॅन. आता कोन सांगा; विषुवदिनी तोच गावाचा अक्षांश.

एकीनं ०.३२ सांगितलं. कॅल्क्युलेटर रेडियनवर होता. तिच्या हिशोबानं पुणं विषुववृत्ताला टेकलं. दुसऱ्यानं टॅनच्या डोक्यावरचा उणे एक पाहून सरळ एकाला टॅननं भागलं आणि १७१.९ आणलं. अरे, अक्षांश नव्वदच्या पुढे कधी गेलाय का? खरं उत्तर १८.४३ अंश. नकाशातलं पुणं १८.५२ वर आहे. काठी आणि टेपच्या मानानं मी खूश.

पुस्तकात याला व्यस्त त्रिकोणमितीय फल म्हणतात. हिंदी मालिका बघणाऱ्या पोरांना वाटतं, फल कामात आहे. त्यापेक्षा जुने शब्द बरे: ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, चाप म्हणजे धनुष्य. दोरी हातात आहे, धनुष्य किती वाकलंय ते सांगा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त जीवेवरून चाप काढायची रीत आहेच, ११५० च्या सुमाराची. जुने ज्योतिषी १२ अंगुळांचा शंकू रोवून विषुवदिनाची सावली मोजत आणि तिला पलभा म्हणत. पुण्याची पलभा जवळजवळ नेमकी ४. इतका सोयीचा आकडा फार थोड्या गावांच्या वाट्याला येतो, आणि त्याचा अभिमान बाळगायला आम्हा पुणेकरांना कारण लागत नाही.

कॅल्क्युलेटरच्या यंत्राचा एक दोष मात्र सांगून ठेवतो. साइन अर्धा दिला की ते ३० म्हणतं आणि गप्प बसतं. १५० चाही साइन अर्धाच. उगवतीकडून मोजलं तर सकाळचा सूर्य ३० वर, दुपारचा १५० वर. यंत्राला सकाळ-दुपार कळत नाही, ती आपण बघायची.

यंदा भांडण लागलं ते सावलीच्या टोकावरून. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं, त्यामुळे टोकाला सेंटिमीटरभर फिकट पट्टा असतो. आतली कड धरायची की बाहेरची? मी म्हटलं, मधली धरा. सेंटिमीटरभर आखूड मोजलंत तर अक्षांश दक्षिणेकडच्या शिरवळच्या आसपासचा येईल.

“सर, मग मी शिरवळला उतरतो,” म्हणत एकजण पाणी प्यायला खाली गेला.