लेकरं घेऊन नाताळला जाताना

डिसेंबरात आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. गव्हाला पाणी, हरभऱ्याची खुरपणी, आणि कारखान्याची तोड कधी येते याची वाट. अशात शेजारच्या मावशी सांगून जातात, "पंचवीस तारखेला संध्याकाळी लेकरांना घेऊन या बरं का, चर्चच्या पटांगणात कार्यक्रम आहे." आपण हो म्हणतो. मग मनात येतं, एवढ्या थंडीत लहान लेकरं उघड्यावर न्यायची कशी? आणखीही एक विचार येतो, तो कोणी मोठ्यानं बोलत नाही. सण त्यांचा, तिथं आपलं काय काम?

मैत्रिणींनो, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या सासूबाईंनी एका वाक्यात देऊन टाकलं. "दिवाळीचं ताट त्यांच्याकडे जातं तेव्हा कोणी विचारत नाही, मग आत्ताच का विचारता?"

आमचा जिल्हा नगरचा, आताचा अहिल्यानगर. इथली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आपल्यासारखीच शेतात राबणारी. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण सण इथल्या मातीत पार मुरला आहे. फराळ म्हणाल तर करंज्या, शंकरपाळी, लाडू. गाणी म्हणाल तर पेटी-तबल्यावरची भजनं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पुढे बरीच वर्षं नगरला काढली, आणि अभंगांच्या वळणाची भजनं लिहिली. त्यांनाच आपण फुलामुलांचे कवी म्हणतो. तेव्हा तिथं आपल्या मुलांना परकं वाटेल ही भीती नकोच.

उलट मी तर म्हणेन, नाताळची गोष्ट शेतकऱ्याच्या लेकराला जितकी लवकर कळते तितकी शहरातल्या मुलाला कळत नसेल. पटांगणात एका कोपऱ्यात गोठ्याचा देखावा केलेला असतो. अशा देखाव्याची प्रथा इटलीतल्या संत फ्रान्सिस यांनी 1223 साली रूढ केली असं मानतात. ग्रेचो नावाच्या गावी त्यांनी गवत भरलेली गव्हाण मांडली आणि खराखुरा बैल नि गाढव आणून उभं केलं. आमच्याकडे बैल मातीचा असतो, पण गव्हाण खरी आणि कडबाही खरा. माझी चार वर्षांची धाकटी तो देखावा बघून म्हणाली, "आई, बाळाला गव्हाणीत का ठेवलं? बैलानं कडबा ओढला तर बाळ पडेल की!" घोंगडी पांघरलेले मेंढपाळ स्टेजवर आले, तर थोरला ओरडला, "आपल्या रानात मेंढ्या बसवायला येतात ते बाबा!" सांगा बरं, यात समजावून सांगण्यासारखं काय उरलं?

आता पहिला प्रश्न, थंडीचा. न्यायचंच, पण लेकराच्या मापानं. मोठ्या माणसांचा कार्यक्रम नऊ-दहापर्यंत चालतो. लेकराचा जीव तासा-दीड तासाचा. म्हणून घरूनच वरणभात खाऊ घालून निघावं. भुकेलं पोर थंडीत लवकर किरकिरतं. कानटोपी, पायमोजे आणि बसायला जाड गोधडी न्यावी. जमिनीचा गारवा खालून चढतो, तो सतरंजीनं अडत नाही. कडेची जागा धरावी, म्हणजे मूल पेंगलं की कोणाला न उठवता निघता येतं. शेकोटी पेटवली असेल तर मुलाचा हात सोडू नये. पोचल्यावर आधी एक खूण दाखवून ठेवावी. आमच्याकडे बांबूच्या कामट्यांची मोठी चांदणी खांबावर लावतात. "चुकलास तर चांदणीखाली उभा राहा, मी तिथंच येते," एवढं सांगितलं की पुरे. खिशात नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. आणि खाऊच्या पुडीतले अख्खे शेंगदाणे, कडक गोळ्या नि फुटलेल्या फुग्याचे तुकडे चार वर्षांखालच्या मुलाच्या हातात राहू देऊ नका. घशात अडकायला क्षण पुरतो.

आणि नाताळबाबा! मोठ्यांना मोठी हौस, लेकरू त्याच्या मांडीवर बसवून फोटो काढायची. लाल झगा, कापसाची दाढी, वर ढोल. माझ्या जावेचा दोन वर्षांचा मुलगा किंकाळी फोडून पदरात शिरला. बाया म्हणाल्या, "बसव गं, रडून रडून गप होईल." जावेनं ऐकलं नाही, आणि बरंच केलं. लांबूनच दाखवलं, तर थोड्या वेळानं पोर आपणहून हात हलवू लागलं. भीती अशीच जाते, ढकलून जात नाही.

या बाबाचं मूळ म्हणजे संत निकोलस. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे चौथ्या शतकातले धर्मगुरू. त्यांची एक दंतकथा सांगतात. एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्यापायी त्यांची लग्नं अडली होती. निकोलसनी रात्री गुपचूप त्या घरात मोहरांच्या थैल्या टाकल्या. देणाऱ्याचं नाव कोणाला कळू नये म्हणून रात्री. हुंड्याचं दुःख आपल्याला नवं नाही, म्हणून ही गोष्ट मला मनापासून पटते.

गेल्या वर्षी आमच्या उसाला तोड आली होती. रानाकडेला मजुरांच्या कोप्या पडल्या होत्या. त्यातली एक पाच-सहा वर्षांची मुलगी माझ्या मुलांबरोबर खेळायची. तिच्या आईला विचारून तिलाही बरोबर नेलं. खाऊवाटप सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं, यादीतली नावं पुकारत आहेत. माझ्या दोघांची नावं मावशींनी आधीच दिली होती. हिचं कुठून असणार? ती पोर पुकारणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघत होती. माझ्या पोटात कालवलं. दोन पुड्यांतलं थोडंथोडं काढून तिला देता आलं असतं, पण नाव घेऊन बोलावणं मी कुठून आणणार होते?

यादी संपली. पाळकांच्या घरच्या बाई मुलांच्या रांगेशी आल्या आणि तिला म्हणाल्या, "बाळ, तुझं नाव काय?" ते त्यांनी मोठ्यानं पुकारलं. मग कुंपणापाशी उभ्या असलेल्या आणखी चार-पाच जणांनाही तसंच नाव विचारून आत घेतलं. नंतर मी विचारलं, तर त्या सहज बोलल्या, "दरवर्षी दहा पुड्या जास्तीच बांधतो. कुंपणाबाहेर लेकरं असतातच."

एवढं ऐकायलासुद्धा थंडीत गेलेलं सार्थकी लागलं असं मला वाटतं. आपल्याकडेही सणवार होतात. हरिनाम सप्ताह असतो, शाळेचं स्नेहसंमेलन असतं, मुलांचे वाढदिवस असतात. यादी करावीच लागते, त्याशिवाय हिशेब बसत नाही. पण यादी संपल्यावर दहा पुड्या हातात उरल्या पाहिजेत, आणि त्या देताना लेकराचं नाव विचारायचं राहू नये. आम्ही यंदाच्या सप्ताहापासून ते सुरू केलं आहे. तुम्हीही करून बघा.