हात वर करायचे नाहीत

योगशिक्षक होताना वर्ग कसा घ्यायचा हे रीतसर शिकवतात. समोर तोंड करून उभं राहिलात तर तोंडाने ‘उजवा पाय’ म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा, म्हणजे बघणाऱ्याचा गोंधळ होत नाही. वाकताना श्वास सोडायला सांगायचं, उठताना घ्यायला. आसनात जाणं, थांबणं, बाहेर येणं, तिन्हींच्या सूचना निराळ्या आणि शेवटची सगळ्यात सावकाश. या सरावात समोर बसलेले असतात आपलेच सहाध्यायी. त्यांना आसन आधीच येत असतं. शिवाय ती माणसं रात्रभर झोपून आलेली असतात, कामावरून नव्हे.

नाशिकमध्ये योग शिकायची सोय उत्तम. विश्वासराव मंडलिकांचं योग विद्या धाम इथलंच, त्यांना २०१८ चा पंतप्रधान योग पुरस्कारही मिळाला. मुक्त विद्यापीठही इथलंच. मी शिकले नाशकात आणि वर्ग सुरू केला पिंपळगाव बसवंतला, समाजमंदिरात, सतरंज्यांवर. आलेल्या बहुतेक बायका द्राक्षबागेत नाहीतर कांद्याच्या खळ्यावर जाणाऱ्या.

पहिलं आसन ताडासन. बोटं गुंफा, हात डोक्यावर, टाचा उचला. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी हात वर नेले आणि लगेच खाली सोडले. ‘‘मॅडम, दिवसभर हात वरच असतात. हितं आल्यावर पुन्हा वरच का?’’

ज्यांनी बाग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, मग फेलफूट, म्हणजे नको असलेली फूट, काढायची, पुढे घडांची विरळणी. मांडव डोक्याच्या वर. मान मागे टाकून, एका हाताने घड धरून दुसऱ्या हातातल्या छोट्या कात्रीने मणी कमी करायचे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. खांद्याचा वरचा स्नायू असा दगडासारखा होतो की बोट रुतत नाही. अशा खांद्याला ताडासन म्हणजे ओव्हरटाइम.

कांदा निवडणाऱ्यांचं उलटं. त्या दिवसभर उकिडव्या बसतात. शहरातल्या वर्गात मालासनाला टाचांखाली घडी घालून द्यावी लागते, म्हणून मी ते शेवटी ठेवलेलं. या बायका टाचा टेकवून आरामात बसल्या आणि गप्पा सुरू झाल्या. त्यांना मालासन शिकवणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. त्यांना हवं होतं उताणं पडून पाय भिंतीला लावणं, थोडंसं भुजंगासन, थोडं सेतुबंधासन. बागेतल्यांना हात पाठीमागे गुंफून छाती उघडायची, हनुवटी आत घ्यायची. आणि दोघींनाही आधी शवासन! पुस्तकात ते शेवटी येतं. माझ्या वर्गात सुरुवातीलाही असतं, आणि एखादी घोरायला लागली तर मी उठवत नाही.

परंपरेला विचारावं तर ती इथे फारशी मदतीला येत नाही, कारण एका वेळी तीस जणांना योग शिकवणं ही शंभरेक वर्षांचीच गोष्ट आहे. योगेंद्रजींनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला ‘द योग इन्स्टिट्यूट’ काढली, कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम. तोवर गुरू एका शिष्याला बघून शिकवत असे. ओळीत उभं करून, मोजून योग शिकवणं ही सोय आहे, आणि सोयीत नजर हरवते. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात योग शिकवायला आले ते सहा महिन्यांसाठी, वय अठरा, मराठीचा गंध नाही. डेक्कन जिमखान्यावर शिकायला आलेले बरेचसे त्यांच्याहून मोठे, शिकलेले, धडधाकट. भाषा तोकडी असताना शरीर वाचणं भागच असणार, असं मला आपलं वाटतं. पुढे दोऱ्या, खुर्च्या, ठोकळे त्यांनी आणले तेही समोरच्या अंगाला काय झेपतं ते पाहूनच.

पाहून सगळं कळत नाही, हेही खरं. ‘कपालभातीनं पोट उतरतं ना?’ हा प्रश्न टीव्हीच्या कृपेने प्रत्येक बॅचला येतो. मी कपालभाती लगेच देत नाही. आधी एकेकीला बाजूला घेते. रक्तदाब, हर्निया, ऑपरेशन हे बायका सांगतात. ‘अंग बाहेर येतं का?’ हे मात्र मलाच विचारावं लागतं, तेही हळू आवाजात. जड क्रेट उचलणाऱ्या, बाळंतपणानंतर लवकर कामाला लागलेल्या बायकांत ही तक्रार असते आणि घरातही कोणाला ठाऊक नसते. अशा बाईने पोटाला झटके देत श्वास सोडणं म्हणजे दुखणं वाढवणं. तिला मी डॉक्टरकडे पाठवते आणि वर्गात पाठीवर झोपून साधा श्वास देते. शेजारणीने विचारलं तर सांगायला एक कारण ठरवून देते, बहुधा कंबरेचं.

२०१५ पासून २१ जूनला, योग दिनाला, सगळीकडे तोच ठरलेला क्रम होतो. त्यातही उभ्या आसनांत ताडासन पहिलं. जूनमध्ये ते चालून जातं, विरळणी नसते. मी घेतेही आनंदाने. पण ऑक्टोबर छाटणीनंतर इकडे फेलफूट सुरू होते. पहाटेचा वर्ग बंद, कारण साडेपाचला बायका डबे करत असतात. रात्री साडेआठला या, जेवायच्या आधी, पोट हलकं असताना. घरचे कुरकुरतात, तरी बायका येतात. काकूंनी आता जावेलाही आणलंय. ट्रॅक्टरवर बसून कंबर धरलेले दोन-तीन पुरुष दारातून विचारून गेले. त्यांची बॅच एप्रिलच्या छाटणीनंतर, आणि त्यांना हात वर करायला लावणार आहे.